थैलीतली हजेरी

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीलाही ठाऊक असावं, कारण कचऱ्याच्या गाडीत ओलं-सुकं एकत्र ओतणाऱ्यांशी माझी बरीच भांडणं झाली आहेत. पण ते राग चहा उकळेपर्यंत टिकतात. कॉलेजातल्या त्या सत्राचा राग मात्र अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी बायपासच्या पलीकडे एका खाजगी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. आमच्याकडे कागद हा प्रकार जवळजवळ संपला आहे. हजेरी फोनवर, वेळापत्रक फोनवर, असाइनमेंट फोनवर, कॉलेजची बस कुठवर आली तेही फोनवर. उद्याचा पहिला तास रद्द झाला, हे कळवायचं तेही फोनवर, आणि ते इतक्या उशिरा की ज्याने फोन बाजूला ठेवला तो सकाळी येऊन रिकाम्या वर्गात बसणार. ग्रंथालयात बसायचं तर आधी फोनवर जागा धरायची. कॅन्टीनवालासुद्धा कूपन फोनवरच बघतो. एवढं सगळं आम्हीच मुलांच्या हातात कोंबलं, आणि त्या वर्षी आम्हालाच शोध लागला की मुलं फोनच्या आहारी गेली आहेत. त्यामुळे ती दुःखी आहेत, तेव्हा त्यांना आनंदी करायला हवं, असं वरून ठरलं. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात आनंद सप्ताह जाहीर झाला. कुठे जाहीर झाला ते सांगायला नकोच.

उद्घाटनाला तुकोगंजमध्ये दवाखाना असलेले एक समुपदेशक आले होते. माणूस चांगलं बोलला, मी नावं ठेवणार नाही. मुलं झोपत नाहीत, जेवताना ताटाकडे बघत नाहीत, दुसऱ्याची सहल बघून त्यांना स्वतःचं घर नकोसं होतं, हे मी वर्गात रोज बघते. डोळ्यांखाली काळं आणि चेहरा असा, की जणू यांना कुणीतरी बोलवायचं राहून गेलंय. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पण भाषण संपलं आणि आमच्या डायरेक्टरांनी माईक घेतला. सगळ्यांना फोन वर धरायला लावले, टॉर्च लावायला सांगितलं. अख्खं सभागृह फोनचे दिवे हलवत शपथ घेत होतं, की आम्ही फोनचे गुलाम होणार नाही. डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत होता. शपथ झाल्यावर एक लिंक आली. त्या लिंकवर नाव टाकलं की ‘डिजिटल उपवास’ केल्याचं प्रमाणपत्र लगेच मिळत होतं, आणि ते प्रत्येकाने स्टेटसला लावायचं होतं. मी कपाळावर हात मारला. शेजारी बसलेल्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, “जाऊ द्या हो, फोटो छान येतील.” फोटो खरंच छान आले.

ती शपथ खरी मानणारी एकच मुलगी निघाली, आणि ती माझ्या वर्गातली होती.

मुलगी शेजारच्या महूहून रोज अप-डाउन करायची. बौद्ध मराठी घर, आजोबा फौजेतून रिटायर झालेले, वडील पीथमपूरला कारखान्यात, आई घरी. शेवटचं वर्ष होतं तिचं. घरातली पहिली पदवी तिची होणार होती, त्यामुळे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्तापासूनच सांगत सुटले होते. पहिली दोन वर्षं ती मला कधी लक्षात राहिली नव्हती. मान खाली, बाकाखाली फोन, प्रश्न विचारला की दचकून उभी राहणार. अशा मुलांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, भांग लक्षात राहतात.

सप्ताह संपल्यावर ती मला जिन्यात भेटली आणि हिंदी बोलणाऱ्या आमच्या कॉलेजात एकदम मराठीत बोलली. मी मराठी आहे हे तिला ठाऊक असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

“मॅम, मी फोन मम्मीला देऊन टाकला. अलमारीत बंद. चाबी पण तिच्याच पास.”

“का गं?”

“बसमध्ये बसले की चालू होते मी, आणि उतरताना याद पण नाही राहत की क्या क्या देखा. बस मन खराब होऊन जातं. तर म्हटलं, एक बार करून तर बघू.”

घरच्यांना कळवायला वडिलांचा जुना बटनवाला फोन तिने दप्तरात ठेवला होता. मी तिला शाबासकी वगैरे काही दिली नाही. चार दिवसांत परत घेशील, असंच म्हणाले. तीही हसली.

सुरुवातीला तिचे हाल झाले. हात सारखा खिशाकडे जायचा, मग ती ओढणीचं टोक पिळत बसायची. एकदा तर म्हणाली की बसमध्ये रडायला येतं, कशामुळे ते समजत नाही. मग हळूहळू ती बदलली, आणि ते बदलणं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून मला त्याबद्दल कुणी आकडेवारी ऐकवू नये. ती पुढच्या बाकावर येऊन बसायला लागली. कुटुंबव्यवस्था शिकवत होते तेव्हा मध्येच हात वर करून म्हणाली, की पुस्तकात लिहिलंय तसं आमच्या मोहल्ल्यात नाहीये, आणि मग तिने ते इतकं रंगवून सांगितलं की मागच्या बाकांवरचीही दोन-चार डोकी वर आली. कॅन्टीनमध्ये ती पोहे खाताना समोरच्याकडे बघायची. तिच्यासमोर बसलेल्या मुलींची त्यामुळे पंचाईत व्हायची, कारण त्यांना दुसरीकडे बघायचं असायचं. “मॅम, मला आजकल भूक लागते,” असं ती मला एकदा सांगून गेली, आणि ते तिने एखादं बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं.

मला ती मुलगी आवडायला लागली होती. शिकवणाऱ्या माणसाला वर्गात असा एक चेहरा मिळाला तरी त्याचे दिवस बरे जातात.

आता आमच्या हजेरीची पद्धत सांगायला हवी. तासाच्या सुरुवातीला शिक्षक पडद्यावर एक कोड लावतो, मुलं तो फोनने स्कॅन करतात, आणि फोन वर्गाच्या चार भिंतींत असेल तरच हजेरी लागते. ही योजना आणणाऱ्या तरुण सरांना सगळे ‘अ‍ॅपवाले सर’ म्हणायचे. त्यांचं म्हणणं होतं की आता प्रॉक्सी इतिहासजमा झाली.

मुलांनी त्यावर आठवडाभरात तोड काढली. अ‍ॅप एका विद्यार्थ्याचा एकच फोन धरतं ना, मग त्यांनी अ‍ॅपसाठी घरातला जुना, काच फुटलेला, बाबांनी टाकून दिलेला फोन लावला. हे सगळे डबडे फोन शेव-नमकीनच्या दुकानातल्या एका कापडी थैलीत राहायचे. ज्याची पाळी असेल तो थैली घेऊन शेवटच्या बाकावर बसायचा आणि एकामागून एक फोन काढून पडद्यासमोर धरायचा. फोनची मालकमंडळी तेव्हा कॅन्टीनमागे आपापल्या चांगल्या फोनमध्ये तोंड घालून बसलेली असायची. हजेरीचा फोन वेगळा आणि जगण्याचा वेगळा. हे शिक्षकांना माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते, कारण पडद्यावर वर्ग भरलेला दिसत होता आणि वरचे तेवढंच बघत होते. माझ्या तासाला मी ती थैली दाराबाहेर ठेवायला लावायचे. त्यामुळे माझ्या तासाची हजेरी कॉलेजात सगळ्यांत कमी असायची आणि त्याबद्दल मला दोनदा समज मिळाली होती.

अशा कॉलेजात ही मुलगी फोन न घेता रोज येऊन पुढच्या बाकावर बसत होती.

मी अ‍ॅपवाल्या सरांकडे गेले. ते म्हणाले, “नो इश्यू मॅम, टीचर लॉगिनमध्ये एडिट ऑप्शन आहे, त्यातून लावून टाका.” मी तसं केलं. तास संपला की उभ्या उभ्या तिची हजेरी लावून टाकायची. बाकीच्या शिक्षकांना मी जाऊन सांगितलं, त्यांनी माना डोलावल्या. पण प्रत्येक एडिटला कारण लिहावं लागतं आणि एडिट जास्त झाले की खुलासा मागतात, त्यामुळे त्यांनी ते केलं नाही. हे मला फार उशिरा कळलं. मुलीला तिच्या मैत्रिणींनी सुचवलं होतं, की तुझाही फोन थैलीत टाक, कुणाला काय कळतंय. ती म्हणाली, “मी तर इथेच बसलीये ना, मग थैलीत कशाला टाकू?” आणि मला एकटीला म्हणाली, “एक बार हातात आला ना मॅम, तर मग माझ्याकडून नाही होत.” इतकं साधं, खरं कारण होतं.

परीक्षेच्या आधी सगळ्यांच्या फोनवर मेसेज आले. हजेरी कमी असलेल्यांना परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि त्यांची यादी वर्गाच्या ग्रुपवरही आली होती. तिच्या नावाचा मेसेज महूला कपाटात बंद असलेल्या फोनवर गेला. मुलगी नेहमीसारखी आली, पुढच्या बाकावर बसली, आणि सगळा वर्ग आपल्याकडे का बघतोय हे तिला कळेना. मागून एक मुलगी म्हणाली, “तुझा तर साल गेला यार.” ती माझ्याकडे बघायला लागली. मला काहीच माहीत नव्हतं. मी तिथेच लॉगिन उघडलं. माझ्या विषयात तिची हजेरी पूर्ण होती, बाकी विषयांत जवळजवळ काहीच नव्हतं. ज्या मुलांना मी सत्रभर वर्गात पाहिलं नव्हतं, ती सगळी एकूण हजेरीच्या जोरावर पात्र होती.

“मॅम, मी तर रोज आले,” ती म्हणाली. “तुम्ही तर बघितलंय ना.”

तळपायाची आग मस्तकात गेली. मी दाराबाहेर गेले. पुढच्या तासासाठी थैली तिथे तयार होती. ती मी उचलली आणि कुणाला काही न बोलता डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेले. मुलगी मागे मागे येत होती, तिला मी दाराबाहेर थांबवलं.

डायरेक्टर फोनवर काहीतरी बघत होते. मी थैली काचेच्या टेबलावर ठेवली. दुकानाचं नाव बघून त्यांचा चेहरा खुलला. “अरे मॅडम, सेव लाई हैं?”

मी थैली उलटी केली. फुटके फोन त्यांच्या टेबलभर पसरले. दोन-तीन तर लगेच वाजायला लागले.

“ही तुमची हजेरी,” मी म्हणाले. मग ते मराठी नाहीत हे लक्षात आलं आणि हिंदीत म्हणाले, “ये आपके पात्र विद्यार्थी हैं, सर. गिन लीजिए. और जो लड़की सच में क्लास में बैठती है, वो बाहर खड़ी है, उसका साल जा रहा है.”

त्यांनी आधी उठून दार नीट लावून घेतलं. मला पाणी दिलं. “मॅडम, आप बैठिए तो सही. आप इमोशनल हो रही हैं.”

मी इमोशनल नव्हते, मी चिडलेली होते, आणि या दोहोंतला फरक मोठ्या खुर्चीत बसलेल्या माणसांना कधीच कळत नाही. मी बोलत राहिले. त्यांना एकच काळजी होती, की हे मी आणखी कुणाला दाखवलंय का. थैलीची गोष्ट बाहेर गेली तर सगळ्या कॉलेजच्या हजेरीवर बोट ठेवलं जाईल, असं ते दोन-तीनदा म्हणाले. अ‍ॅपवाले सर आले, त्यांनी फोन एकेक करून परत थैलीत भरले. सिस्टिममध्ये जे नाही ते मागे जाऊन घालता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, सिस्टिम तुम्हीच बनवली ना? ते म्हणाले, नाही मॅम, व्हेंडरने.

मग डायरेक्टरांनी विचारलं, की ही मुलगी फोन का आणत नाही? मी सांगितलं, तुम्ही शपथ दिलीत म्हणून.

त्यांनी हातातला फोन खाली ठेवला. मला क्षणभर वाटलं की त्यांना लाज वाटली. पण त्यांचे डोळे चमकत होते. “मतलब उसने सच में छोड़ दिया? अरे, ये तो हमारी सक्सेस स्टोरी है!”

पुढचं सगळं त्यांनी फार भराभर जमवलं. मुलीला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाठ थोपटली. परीक्षेला बसता येईल, विशेष बाब म्हणून मंजुरी देतो, म्हणाले. दोन गोष्टी करायच्या. उद्यापासून फोन आणायचा आणि अ‍ॅपवर उरलेल्या तासांची हजेरी लावायची, म्हणजे रेकॉर्ड ठीक दिसेल. आणि आनंद सप्ताहामुळे फोन कसा सुटला, आयुष्य कसं बदललं, यावर छोटासा व्हिडिओ द्यायचा, तो कॉलेजच्या पेजवर टाकू. यातला वेडेपणा त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना दिसत होता. फोन सुटल्याचा व्हिडिओ द्यायचा, आणि तो देण्याआधी फोन परत घ्यायचा!

मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगीच बोलली. हळू बोलली, पण तिचा आवाज कापत नव्हता.

“सर, फोन ले आऊंगी. एक्झाम तो देना है. वीडियो नहीं दूंगी.”

त्यांनी समजावलं, अ‍ॅपवाल्या सरांनी समजावलं, फक्त तीस सेकंद, मेकअपची पण गरज नाही. ती मान हलवत राहिली. शेवटी डायरेक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “आप समझाइए ना.” मी म्हणाले, मला वाटतं तिला तुमच्यापेक्षा जास्त समजतंय. नोकरीवर गदा येईल अशी भाषा होती ती, मला ठाऊक होतं. आली नाही, कारण थैली मी पाहिलेली होती.

केबिनबाहेर येऊन ती मला थँक्यू म्हणाली. तेव्हा मला रडायला आलं आणि त्याचाही राग आला. थँक्यू कशाबद्दल? ती रोज येत होती, ते सिद्ध करायला तिला फोन आणावा लागणार होता, आणि ही आमची मोठी मेहेरबानी होती.

दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन आली. कोड स्कॅन केला, फोन दप्तरात ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशी तो बाकावर होता. वेळापत्रक, हॉल तिकीट, कुठल्या खोलीत पेपर, सगळं त्यावरच येत होतं, तो दप्तरात ठेवून कसं चालणार? मग तो हातात आला. ती दुसऱ्या बाकावर सरकली, मग तिसऱ्या. मी एकदा तिला प्रश्न विचारला, तेव्हा ती दचकून उभी राहिली. “सॉरी मॅम, काय म्हटलं तुम्ही?” मी तिला बस म्हणाले. तिच्यावर चिडणं मला जमेना, म्हणून मी पडद्यावर चिडले, कोडवर चिडले, त्या दिवशी वर्गात सगळ्यांवर ओरडले. मुलांना कारण कळलं नाही.

परीक्षा झाल्या. ती पास झाली, चांगली पास झाली. कॉलेजच्या पेजवर आनंद सप्ताहाचा व्हिडिओ टाकला होता, त्यात वाहवा करणारी मुलगी दुसरीच होती. तिला मी इतरांच्या तासाला थैली घेऊन शेवटच्या बाकावर बसलेली पाहिली होती.

निकालानंतर एका दुपारी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी नुकतीच जेवून उठले होते. बाई महूहून बोलत होत्या, त्या मुलीच्या आई. आधी त्यांनी माझे पुष्कळ आभार मानले. सासऱ्यांनी पेढे वाटले, मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलं, मॅडमजी तुमच्यामुळे साल वाचला, असं सगळं बोलल्या. मी हो-हो करत होते. मग त्या थांबल्या.

“मॅडमजी, एक बात पूछू का? बुरा मत मानो.”

“बोला ना.”

“तो फोन अलमारीत होता ना, तेव्हा ती रसोईत येऊन बसायची. मी पोळ्या करायची, ती सांगत राहायची. बसमध्ये कोण भांडलं, तुम्ही क्लासमध्ये क्या बोलल्या. मला तर तुमच्या सगळ्या टीचरांची माहिती झाली होती. हसायची किती! इतकी मोठी झाल्यावर पहिली बार पोरगी माझ्याजवळ बसली हो.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आता विचारते तर हूं म्हणते. मान पण वर नाही करत. चाबी तर माझ्याकडेच होती मॅडमजी. मीच काढून दिला ना, पेपरचा सवाल होता म्हणून.” मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. “आता कॉलेज तर संपलं. तर परत ठेवून देऊ का अलमारीत? आता तर कोई दिक्कत नाही ना येणार?”

पुढे एमएचा प्रवेश होता, त्याचा फॉर्म फोनवर होता. नोकरी शोधायची तर फोनवर, मुलाखत फोनवर, नोकरी लागली की तिथली हजेरीही फोनवरच. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, पण त्या ज्यांच्यासाठी होत्या ते फोनच्या दुसऱ्या टोकाला नव्हते. तिथे एक बाई माझ्या उत्तराची वाट बघत होती.

“हो,” मी म्हणाले. “ठेवून द्या. काही दिक्कत नाही येणार.”

त्या खूश झाल्या. “आजच ठेवते,” म्हणाल्या, आणि मुलीला हाक मारायला लागल्या. मुलगी त्याच खोलीत असावी, कारण त्यांनी हाक हळूच मारली. मग पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा जरा मोठ्याने.